कय्यूम पिंजाऱ्याचा हात

मेहकरात डॉक्टर टाकळकरांचा दवाखाना आहे. झटके येणाऱ्या लेकरांना तिथं लांबलांबून आणतात. आतल्या एका खोलीत मेंदूच्या लहरी उतरवून घेणारं मशीन आहे. डोक्याला एकवीस तारा चिकटवायच्या, मग पडद्यावर रेघा उमटतात. जागेपणी दडून बसलेला दोष पुष्कळदा झोपेत वर येतो, म्हणून लेकरू झोपवावं लागतं. आता पाच वर्षांच्या लेकराला परक्या खाटेवर, डोक्याला तारा लावून, दिवसाढवळ्या अकरा वाजता झोपवून दाखवा म्हटलं तर भल्याभल्यांना घाम फुटतो. सात वर्षं ते काम कय्यूम पिंजाऱ्यानं केलं.

कागदावर तो शिपाई. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, नंबर पुकारायचे. लेकरं झोपवायचं काम त्याला कुणी नेमून दिलं नव्हतं, ते त्याच्याकडं चालत आलं.

तो मूळचा गादीवाला. बापाचा धंदा, आज्याचा धंदा. फोमच्या गाद्या आल्या, कापूस पिंजायचं मशीन आलं, आणि दुकानात गिऱ्हाईक येईना. पंचावन्नाव्या वर्षी तो या खोलीतल्या खाटेसाठी शिवलेली गादी खांद्यावर टाकून आला, तर आत एक पोरगं आकांत करत होतं. आई थकली, बाप चिडला, तारा लावणाऱ्या प्रेमला मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. कय्यूमनं गादी अंथरली आणि म्हणाला, "जरा मले पाहू द्या." पंधरा मिनिटांत पोरगं घोरत होतं. डॉक्टरांनी त्याला तिथंच ठेवून घेतलं.

गुण त्याच्या हातात होता. पिंजणाऱ्याचा ठोका एकसारखा पडावा लागतो. एक जोरात आणि एक हलका पडला की कापसात गुठळ्या राहतात, आणि गादीत राहिलेली गुठळी गिऱ्हाइकाच्या पाठीला वर्षभर टोचते. चाळीस वर्षं त्यानं तो ठोका सांभाळला होता. तोच आता लेकराच्या मांडीवर पडायचा. तळहात पोकळ, मनगट सैल, दोन ठोक्यांत तेवढंच अंतर. बाकीची माणसं थोपटतात तेव्हा दोन मिनिटांत हात रेंगाळतो, बोलता बोलता थांबतो. कय्यूमचा अर्धा तास चालला तरी पहिला ठोका आणि शेवटचा ठोका एका मापाचे.

नुसत्या हातावर भागत नसे. तयारी होती. आदल्या दिवशी तो घरच्यांना फोन करायचा : लेकराला पहाटे तीनला उठवा, गाडीत डोळा लागू देऊ नका, डोक्याला तेल लावू नका. तेलाचं कुणी ऐकत नसे. लेकराला तालुक्याला न्यायचं आणि कोरड्या केसांनी कसं न्यायचं? आई नाही तर आजी मूठभर तेल चोपडायचीच. तेलावर तारा चिकटत नाहीत. मग कय्यूम मागच्या मोरीवर कोमट पाण्यानं ती डोकी स्वतः धुवायचा, केसांच्या मुळापर्यंत कोरडी करायचा. लेकरासमोर 'झोप' हा शब्द तो चुकूनही काढत नसे. "माह्या चादरीचं टोक धरतं का?" असं काही विचारायचा.

श्वास लांबला की तो मॅडमना बोट दाखवायचा. त्या मशीनमागून विचारायच्या, "चाचा, हात काढला का?"

"काढला."

मग त्या रेघा उतरवायला घ्यायच्या. हा नियम होता. हात ठेवावाच लागला तर तसं सांगायचं, म्हणजे त्या नोंद करतील, असंही त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. हात का काढायचा, हे मात्र कय्यूमनं कधी विचारलं नाही. हातानं तारा सुटत असतील, अशी त्याची समजूत. सात वर्षं एका मशीनशेजारी काम केलं आणि एक प्रश्न विचारला नाही.

ज्या लेकराला झोप येतच नसे, त्याला डॉक्टर झोपेचं औषध द्यायला सांगत. एक चमचा गोड पातळ औषध. त्यात वाईट काही नव्हतं, घरी जाईपर्यंत लेकरू थोडं पेंगतं एवढंच. पण कय्यूमला तो चमचा दिसला की आपला पराभव दिसायचा. औषध द्यायचं काम शालूबाईंकडं होतं. त्या तिथल्या जुन्या आया. जीभ सुरीसारखी.

"काऊन चाचा, आज हात गंजला का? आणू माहा चमचा?"

"तुह्या चमच्याले जंग लागल, पण माह्या हाताले लागणार नाही," कय्यूम म्हणायचा. चहाच्या टपरीवर तो सांगायचा, की आपल्या हाताखाली औषध लागत नाही. लोक माना हलवायचे. एवढ्याशा शाबासकीवर माणूस कसा पोसला जातो, हे त्याला तेव्हा कळलं नाही.

मागच्या वर्षी दिवाळी सरली आणि दुसरबीडहून बनाबाई आपल्या नातीला घेऊन आली. नात रेवती, सहा वर्षांची. आईबाप जालन्याला कामाला, पोरगी आजीजवळ. बनाबाई फाट्यावर उकडलेल्या शेंगा विकते. पोरगी जेवता जेवता मधेच थिजायची, ताट हातातून सुटायचं. एकदा शाळेत पडली. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली होती आणि झोपेतल्या लहरी बघायच्या ठरवल्या होत्या.

"सुलतानपूरपस्तोर बरी होती वो," बनाबाई सांगत होती. "पुढं डोळे मिटायला लागली, तशी उभी केली. कंडक्टर म्हणे, आजी, जागा हाय ना, बसवा की लेकराला. म्हणलं, बसवली अन् झोपली तर माझे भाड्याचे दोनशे रुपये तू देतो का?"

रेवतीच्या डोक्याला तेल होतंच. कय्यूमनं धुतलं. तारा लावताना पोरगी मोजत होती, मोठ्यानं, न चुकता एकवीसपर्यंत. "अजून लावा," म्हणाली, "मला शंभरपर्यंत येतं."

त्या सकाळी आधीच्या एका लेकराला औषध द्यावं लागलं होतं. शालूबाईंनी चमचा धुऊन खिडकीत, कय्यूमला दिसेल असा, वाळत घातला होता.

रेवती वीस मिनिटांत झोपली. त्यानं हात काढला. तिनं डोळे उघडले. पुन्हा झोपवली, पुन्हा हात काढला, पुन्हा उघडले. तिसऱ्यांदाही तेच. बाहेर चार लेकरं ताटकळत होती.

"चाचा, औषध देऊन टाकू," प्रेमला मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांचाच उशीर होतोय."

"पाच मिनिटं द्या मॅडम."

दारातून शालूबाई म्हणाल्या, "द्या बाई द्या. उस्तादांची इज्जत आहे."

चौथ्यांदा पोरगी झोपली. श्वास लांबला. कय्यूमनं बोट दाखवलं, पण हात निघेना. निघाला की ही उठणार, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं डाव्या हातानं रजई वर ओढली. उजवा हात रजईखाली तिच्या मांडीवर तसाच चालू राहिला. हलका, एकसारखा.

"हात काढला का?"

"काढला."

पंचवीस मिनिटं तो हात चालला. मॅडम पडद्यापलीकडं, त्यांना दिसलं नाही. जुन्या मशीनला कॅमेरा नव्हता. काम संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "मानलं चाचा तुम्हाला." शालूबाई काही बोलल्या नाहीत, आणि त्याला त्याचंच जास्त बरं वाटलं. बनाबाईनं दोन्ही हात जोडले. "माझ्या लेकराला औषधाशिवाय झोपवलं. तुमचे उपकार."

संध्याकाळी डॉक्टरांनी रेघा पाहिल्या. झोपेत डोक्याच्या मागच्या भागात ठरावीक अंतरानं, एकामागून एक लाटा होत्या. त्यांनी मॅडमना विचारलं, "हालचाल होती?"

"नाही सर. चाचांचा हात बाहेर होता."

डॉक्टरांनी दुसरी गोळी लिहिली, सकाळ-संध्याकाळ. बनाबाई तीन-चारदा येऊन गेली. दर वेळी डोस थोडा वाढला.

जून महिन्यात ती आली तेव्हा कय्यूमनं रेवतीला ओळखलं नाही. तोंड सुजल्यासारखं, चाल अडखळती. बाकावर बसल्या बसल्या मान खाली. त्यानं विचारलं, "काय रेवताबाई, किती तारा लावल्या होत्या?" ती बघत राहिली. मग म्हणाली, "मला झोप येते."

"मास्तर म्हणतात, पहिलीतच राहू द्या हिला," बनाबाई म्हणाली. "पाटीवर डोकं टेकून निजते. शंभर यायचे, आता इसाच्या पुढं जाईना. पण करता काय? रोगच तसा. तुम्ही तवा नीट झोपवलं म्हणून कळलं तरी." तिनं पदराखालून शेंगांची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. अजून गरम होती. कय्यूमनं ती खाल्ली.

आठवड्यानं नवं मशीन आलं. कंपनीचा माणूस प्रेमला मॅडमना शिकवत होता. कय्यूम जुन्या तारा गुंडाळत उभा होता.

"आता ही गंमत बघा मॅडम," तो माणूस म्हणाला. पडद्यावर लाटा होत्या. "काय वाटतं?"

"दोष आहे. झटक्याच्या लाटा."

"सगळे हेच म्हणतात. ही आई आहे. बाळाला थोपटतेय. गादी हलते, डोकं हलतं, तारा हलतात. बाजूला कॅमेऱ्यात तिचा हात बघा. एवढ्यासाठी लोक चुकीची औषधं घेत बसतात."

कॅमेऱ्यात बाईचा हात दिसत होता. खाली-वर, खाली-वर. तिचा ठोका कच्चा होता, मधेच चुकत होता. तिथं लाटही चुकत होती. कय्यूमनं ते बरोबर पाहिलं. पिंजाऱ्याच्या नजरेला ते दिसणारच. आणि न चुकणाऱ्या ठोक्याची लाट कशी दिसेल, हेही त्याला कळलं. आईचा आळशी हात असता तर डॉक्टरांनी ओळखला असता. त्याचा ओळखला नाही.

त्याच्या हातातल्या तारांना पीळ बसला. मॅडम म्हणाल्या, "चाचा, गुंता करताय."

त्या दिवशी तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कारणं सापडत गेली. डॉक्टर घाईत आहेत. आज सोमवार, गर्दी. कदाचित त्या पोरीच्या लाटा खऱ्याच असतील, आपल्याला काय समजतं? या वयात नोकरी गेली तर दुसरं कोण ठेवतं? शेवटचं कारण खरं होतं, पण त्याहून खरं कारण वेगळं होतं. शालूबाईंसमोर, मॅडमसमोर, टपरीवर, जिथं जिथं तो त्या हाताबद्दल बोलला होता, तिथं तिथं तोंड कसं दाखवायचं, याचीच त्याला धास्ती होती. एकदा त्यानं आडून विचारून पाहिलं, "मॅडम, ते दुसरबीडची पोरगी... तिची नव्या मशीनवर पुन्हा करता येते का?"

"डॉक्टरांनी सांगितलं तर. का हो?"

"काही नाही. अशीच याद आली."

अकरा दिवस गेले. दवाखान्यात डॉक्टर आहेत की नाही हे विचारायला लोक शिपायाचा नंबर ठेवतात, तसा बनाबाईकडंही त्याचा होता. बाराव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"कय्यूमभाऊ, एक इचारू? पोरगी गोळी थुकून देती. म्हणती, आजी, मला नको, मला शाळेत जागं राहायचं. देऊ का बंद करू? तुम्ही सांगाल तसं. तुमच्यावर माझा भरोसा हाय."

कय्यूमच्या तोंडावर आलं होतं, बंद करा. पण एकदम बंद केलेल्या गोळीनं लेकरं कशी झटक्यात पडतात, ते त्यानं त्या खोलीत पाहिलं होतं. तो म्हणाला, "बंद नका करू. डॉक्टर सांगतात तसं करा."

"बरं. तुम्ही म्हणता तर तसं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

उत्तर बरोबर होतं. बरोबर उत्तर देऊन एवढी लाज वाटू शकते, हे कय्यूमला बासष्टाव्या वर्षी कळलं. तो मोरीवर गेला, तोंड धुतलं आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर उभा राहिला. तीन पेशंट आत जाऊन आले. मग तो आत गेला.

"सर, रेवतीच्या तपासणीत माहा हात काढला नव्हता. मी खोटं बोललो. ते लाटा माह्या हाताच्या आहेत."

डॉक्टर टाकळकरांनी पेन खाली ठेवलं. जुनी तपासणी संगणकावर काढली आणि बराच वेळ बघत राहिले. मग पडदा त्याच्याकडं वळवला. लाटा सरळ ओळीत होत्या, एक दुसरीपेक्षा केसभर कमी-जास्त नाही. चाळीस वर्षांत आपल्या कामाचा एवढा स्वच्छ नमुना त्यानं कधी पाहिला नव्हता. त्यानं नजर खाली घातली.

"कधी कळलं?"

"बारा दिवस झाले."

"बारा दिवस," डॉक्टर म्हणाले. "रोज दोन गोळ्या."

"हो सर."

डॉक्टर ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "तिला उद्या बोलवा. मी एका कागदाच्या भरवशावर औषध वाढवत गेलो, पुन्हा तपासलं नाही, ती माझी चूक. ती मी आजीला सांगीन. तुमची तुम्ही सांगायची. मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी बनाबाई पोरीला घेऊन आली. पोरीचं डोकं या वेळी कोरडं होतं, आजीनं आधीच धुऊन आणलं होतं. सांगण्यासारखी वेळ तीच होती. बनाबाई बाकावर निवांत बसली होती. कय्यूम तिच्याजवळून दोनदा गेला. "पाणी पाहिजे का?" एवढंच विचारलं.

खोलीत त्याला येऊ नका म्हणून कुणी सांगितलं नाही. तोच बाहेर थांबला. शालूबाईंनी चमचाभर औषध दिलं. त्यांनी आज टोमणा मारला नाही. रेवती अर्ध्या तासात झोपली, तपासणी झाली. आत काहीच विशेष घडलं नाही. एक चमचा, अर्धा तास.

नव्या रेघांत त्या लाटा नव्हत्या. मूळचा दोष होता, थोडा, पहिल्या गोळीनं आवरेल एवढा. दुसरी गोळी हळूहळू, दोन महिन्यांत बंद करायची. डॉक्टरांनी बनाबाईला आत बोलावून आपल्या वाट्याचं सांगितलं. ती बाहेर आली तेव्हा तिला काही नीट उमगलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात, पहिली तपासणी चुकली व्हती. मशीन बिघडलं व्हतं का भाऊ?"

मशीनवर ढकलायला जागा होती. कय्यूमला ती जागा दिसलीही.

"मशीन नाही," तो म्हणाला. "मी बिघडवलं." आणि त्यानं सगळं सांगितलं. तीनदा उठलेली पोरगी, रजई, विचारलेला प्रश्न, दिलेलं उत्तर. बारा दिवसांचंही सांगितलं. फोनवरचंही सांगितलं. तिला चटकन समजेना, म्हणून त्यानं बाकावर हात ठोकून दाखवला. बाकाच्या टोकावरचा पाण्याचा पेला थरथरला. तिनं पेल्याकडं पाहिलं.

"म्हंजी तवा बी एक चमचा दिला असता तर झालं असतं?"

"झालं असतं."

"मग का नाही दिला?"

"माहं नाव जाईन म्हणून."

"कुठं जाईल?"

कय्यूमनं बाकावरचा हात मागं घेतला. बनाबाईनं पेला टोकावरून आत सरकवला. मग म्हणाली, "मी फाट्यावर समद्यायला सांगत व्हते वो. मेहकरला एक माणूस हाय, हातानं झोपवतो, लेकराला औषधाचा थेंब लागू देत नाही." ती रागावून बोलत नव्हती. आपलीच फजिती झाल्यासारखी बोलत होती. कय्यूमला वाटलं, तिनं दोन शिव्या द्याव्यात. तिनं दिल्या नाहीत.

रेवती औषधाच्या गुंगीत बाकावर आडवी होती. बसची वेळ झाली. बनाबाईनं तिला उचलायला घेतलं. औषधांनी पोरगी अंगानं भरली होती, आणि आजी साठीची, काडीसारखी. ती कमरेतून वाकली. कय्यूमनं जन्मभर ओझी उचलली होती. असं उचललं की पाठ धरते, गुडघ्यात बसायला पाहिजे, हे त्याला दिसत होतं. तो पुढं झाला.

"द्या, मी नेतो स्टँडपर्यंत."

"नको."

"जड आहे ते, बाई."

"माझी हाय," बनाबाई म्हणाली.

दुसऱ्या झटक्याला तिनं पोरगी खांद्यावर घेतली. पिशवी राहिली होती, ती त्यानं उचलली, तर तिनं मोकळ्या हाताची दोन बोटं पुढं केली. त्यानं पिशवीचा बंद त्या बोटांत अडकवला. पायरीवर तिनं एकदा पोरगी सावरून धरली आणि रस्त्याला लागली. रेवतीचं डोकं तिच्या पाठीवर डुलत होतं.

मागून शालूबाईंचा आवाज आला, "चाचा, पुढचा नंबर पुकारा."

त्यानं कागद हातात घेतला. नाव वाचलं. पहिली हाक बाकांपर्यंत गेली नाही, दुसऱ्यांदा पुकारावं लागलं.